व्हॅल्यू टाइप आणि रेफरन्स टाइप: गेम स्क्रिप्टिंग करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात युनिटी, गोडो किंवा रोब्लॉक्सवर गेम बनवायला शिकणाऱ्यांच्या दोन तक्रारी सतत येतात. एक: "एकाच वादकाचं काहीतरी बदललं, तर सगळं पथक बदललं." दुसरी नेमकी उलट: "बदल केला, एरर नाही, पण पडद्यावर काहीच हललं नाही." दोन्हींचं मूळ एकच आहे, म्हणून उत्तरं एकत्र दिली आहेत. उदाहरणांसाठी एक गेम डोळ्यांपुढे ठेवा: अनंत चतुर्दशीचा दिवस, लक्ष्मी रस्ता, २०० जणांचं ढोल-ताशा पथक, मिरवणूक अलका टॉकीज चौकाकडे चालली आहे. कोडमधले शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना त्यांचं नेहमीचं रोमन स्पेलिंगच वापरायचं.

मुळात फरक कशात आहे?

"ब = अ" ही ओळ चालल्यावर वस्तू एकच राहते की दोन होतात, यात.

अप्पा बळवंत चौकात जाऊन नोट्सची झेरॉक्स काढली आणि झेरॉक्सवर लाल पेनने खुणा केल्या, तर मूळ वही कोरीच राहते. हा व्हॅल्यू टाइप. "ब = अ" म्हटलं की अख्खा मजकूर उतरवला जातो आणि पुढे दोघांचा एकमेकांशी संबंध उरत नाही.

आता दोन चिठ्ठ्या घ्या आणि दोन्हींवर नारायण पेठेतल्या एकाच वाड्याचा पत्ता लिहा. चिठ्ठ्या दोन, वाडा एक. एकाने जाऊन दिंडीदरवाजा हिरवा रंगवला, तर दुसऱ्या चिठ्ठीवरून येणाऱ्यालाही हिरवाच दरवाजा दिसणार. हा रेफरन्स टाइप. व्हेरिएबलमध्ये वस्तू नसते, वस्तूचा पत्ता असतो, आणि "ब = अ" ने फक्त पत्ता उतरवला जातो.

इथेच तिसरी गोष्ट पक्की करून घ्या, कारण निम्मे गोंधळ तिच्यामुळे होतात. दुसऱ्या चिठ्ठीवरचा पत्ता खोडून तिथे कोथरूडचा पत्ता लिहिला, तर नारायण पेठेतल्या वाड्याला काहीही होत नाही आणि पहिली चिठ्ठीही बदलत नाही. म्हणजे "ब.रंग = हिरवा" आणि "ब = नवीन वाडा" या दोन अगदी वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीत वस्तू बदलते, दुसरीत फक्त चिठ्ठी.

कोणत्या भाषेत काय कशात मोडतं?

सी शार्पमध्ये (युनिटी, आणि गोडोची सी शार्प आवृत्ती) हे टाइप जिथे लिहिला आहे तिथेच ठरतं. "स्ट्रक्ट" आणि "इनम" व्हॅल्यू, "क्लास" रेफरन्स. इंट, फ्लोट, बूल व्हॅल्यू. युनिटीतले व्हेक्टर३, क्वाटर्नियन, कलर, रेकास्टहिट हे सगळे स्ट्रक्ट आहेत. गेमऑब्जेक्ट, ट्रान्सफॉर्म, तुमच्या सगळ्या मोनोबिहेवियर स्क्रिप्ट, ॲरे आणि लिस्ट हे रेफरन्स. ॲरेमध्ये इंट भरलेले असले तरी ॲरे स्वतः रेफरन्सच असतो, हे विसरू नका.

जीडीस्क्रिप्टमध्ये (गोडोची स्वतःची भाषा) इंट, फ्लोट, व्हेक्टर२, व्हेक्टर३, कलर, रेक्ट२, ट्रान्सफॉर्म व्हॅल्यूसारखे वागतात. ॲरे, डिक्शनरी आणि नोड-रिसोर्ससकट सगळे ऑब्जेक्ट रेफरन्सने जातात. गोडो ३ चे जुने धडे वाचणाऱ्यांनी एक बदल लक्षात घ्यावा. तिथले पूल-ॲरे कॉपी होऊन जायचे. २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ मध्ये त्यांच्या जागी आलेले पॅक्ड-ॲरे रेफरन्सने जातात. जुना कोड उचलून आणला की तो चालतो, पण वागणूक बदललेली असते.

लुआमध्ये (रोब्लॉक्स आणि डेफोल्ड या इंजिनांत वापरतात ती भाषा) नंबर, बूलियन आणि निल व्हॅल्यू. टेबल, फंक्शन आणि यूजरडेटा (इंजिनाने लुआला दिलेल्या वस्तू) यांचे फक्त पत्ते फिरतात. लुआत क्लास, लिस्ट, डिक्शनरी सगळं टेबलानेच बनतं, त्यामुळे तुम्ही बनवलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट रेफरन्स असते. डेफोल्डमध्ये व्हेक्टरसुद्धा यूजरडेटा आहे: "ब = अ" नंतर "ब.एक्स" बदललं तर "अ" ही बदलतो. वेगळा हवा असेल तर "व्हीमॅथ.व्हेक्टर३(अ)" लिहा. रोब्लॉक्सने हा त्रास वेगळ्या रीतीने मिटवला आहे. तिथले व्हेक्टर३ आणि सीफ्रेम (जागा आणि दिशा एकत्र) बदलताच येत नाहीत, दर वेळी नवीन बनवावे लागतात.

पायथनमध्ये सगळीच नावं म्हणजे पत्ते. नंबर, स्ट्रिंग, टपल बदलताच येत नसल्यामुळे ते व्हॅल्यूसारखे भासतात, इतकंच. जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्ट आणि ॲरे रेफरन्स. थ्री.जेएस (ब्राउझरमधल्या ३डीची लायब्ररी) वापरणाऱ्यांनी "मेश.पोझिशन = व्ही" लिहू नये, ती प्रॉपर्टी लिहिण्यासाठी बंद आहे; "मेश.पोझिशन.कॉपी(व्ही)" लिहावं. आणि तिथलं "ॲड" मूळ व्हेक्टरच बदलतं, म्हणून आधी "क्लोन" करावं.

युनिटीत "ट्रान्सफॉर्म.पोझिशन.एक्स = ५" ला एरर का येते?

एरर क्रमांक सीएस१६१२. पोझिशन हे साधं फील्ड नाही, प्रॉपर्टी आहे. म्हणजे आतून ते एक फंक्शन आहे आणि ते व्हेक्टर३ परत देतं. व्हेक्टर३ स्ट्रक्ट असल्यामुळे हातात येते ती झेरॉक्स. त्या झेरॉक्सचा एक्स ५ केला तर ओळ संपताच झेरॉक्स कचऱ्यात जाणार आणि वादक जागचा हलणार नाही. अशी ओळ निरुपयोगी आहे हे कंपायलरला कळतं, म्हणून तो अडवतो. ही एरर त्रासदायक वाटते, पण ती तुमच्या बाजूची आहे; ती नसती तर बग शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली असती.

उपाय तीन ओळींचा: "व्हार प = ट्रान्सफॉर्म.पोझिशन", मग "प.एक्स = ५", मग "ट्रान्सफॉर्म.पोझिशन = प". तिसरी ओळ विसरली तर एरर येत नाही आणि काही हलतही नाही. "जागा बदलली पण हललं नाही" या तक्रारीचं सर्वांत मोठं कारण ही हरवलेली तिसरी ओळ आहे.

मग गोडोमध्ये "पोझिशन.एक्स = ५" कसं चालतं? तिथेही व्हेक्टर व्हॅल्यूच आहे ना?

आहे. पण जीडीस्क्रिप्टचा कंपायलर वरच्या तीन ओळी तुमच्यासाठी स्वतःच लिहितो: पोझिशन वाचतो, एक्स बदलतो, पोझिशन परत ठेवतो. म्हणून "वादक.पोझिशन.एक्स = ५" चालतं. मात्र तुम्ही "व्हार प = पोझिशन" असं वेगळं व्हेरिएबल काढलं आणि "प.एक्स = ५" केलं, की परत ठेवण्याची जबाबदारी तुमची. गोडोतच सी शार्प वापरलं तर युनिटीसारखीच सीएस१६१२ येते. फरक इंजिनाचा नाही, भाषेचा आहे.

लिस्टमधल्या स्ट्रक्टचं फील्ड बदलता येत नाही, पण ॲरेमधल्याचं येतं. असं का?

"वादक" हा स्ट्रक्ट आहे असं धरा. "वादकॲरे[०].दम = ८०" चालतं, कारण ॲरेचा चौकटी कंस थेट त्या खणापर्यंत नेतो. "वादकलिस्ट[०].दम = ८०" ला सीएस१६१२, कारण लिस्टचा चौकटी कंस हे आतून फंक्शन आहे आणि ते कॉपी देतं. तिथेही तोच मार्ग: बाहेर काढा, बदला, त्याच क्रमांकावर परत ठेवा.

"फॉरईच" मध्ये तर ॲरे असो की लिस्ट, स्ट्रक्टचं फील्ड बदलू देत नाहीत, सीएस१६५४ येते. साधा "फॉर" वापरा. जीडीस्क्रिप्टमध्ये हीच चूक एररशिवाय होते: "फॉर व्ही इन जागा" लिहून आत "व्ही.एक्स" बदललं तर फक्त लूपमधली प्रत बदलते, यादी आहे तशीच राहते. तिथेही क्रमांकाने फिरा.

गोडो ४ मध्ये सी शार्प वापरत असाल तर "कलेक्शन्समार्शल.ॲजस्पॅन" ने लिस्टच्या आतल्या खणांना थेट हात घालता येतो. त्या दरम्यान लिस्टमध्ये काही वाढवू किंवा कमी करू नका, नाहीतर लिस्ट आतला ॲरे बदलते आणि तुम्ही जुन्यावरच लिहीत बसता.

पार्टिकल सिस्टीममध्ये परत न ठेवताही बदल लागू होतो. हा अपवाद कसा?

गुलालाचे कण उडवायला पार्टिकल सिस्टीम घेतली की हे दिसतं. "पीएस.मेन.स्टार्टस्पीड = ५" ला एरर येते, पण "व्हार म = पीएस.मेन, म.स्टार्टस्पीड = ५" एवढ्याने काम होतं. मेन हा स्ट्रक्ट आहे, पण त्याच्या पोटात मूळ सिस्टीमचा पत्ता आहे आणि स्टार्टस्पीड बदलणं म्हणजे त्या पत्त्यावर जाऊन बदल करणं. झेरॉक्स काढली तरी झेरॉक्सवर पत्ताच लिहिलेला आहे.

यावरून एक नियम निघतो: स्ट्रक्टच्या आत रेफरन्स फील्ड असेल तर कॉपी केल्यावर ते फील्ड दोघांचं सामायिक राहतं. "वादक" स्ट्रक्टमध्ये "ठेके" नावाची लिस्ट ठेवली आणि वादक कॉपी केला, तर दम वेगळा होतो, ठेके एकच राहतात.

मेशचे (३डी मॉडेलच्या जाळीचे) बिंदू लूपमध्ये बदलताना गेम जागच्या जागी थांबतो. काय चुकतं?

युनिटीत "मेश.व्हर्टिसेस" दर वेळी वाचताना संपूर्ण ॲरेची नवीन कॉपी बनवून देतं. ॲरे रेफरन्स टाइप असूनही प्रॉपर्टी मुद्दाम कॉपी हातात देते. पालखीच्या मॉडेलमध्ये १०,००० बिंदू असतील तर एक कॉपी १०,००० × १२ = १,२०,००० बाइटची. लूपच्या अटीत "मेश.व्हर्टिसेस.लेंग्थ" आणि आत "मेश.व्हर्टिसेस[आय]" लिहिलं की सुमारे २०,००० कॉपी, म्हणजे जवळपास २४० कोटी बाइटची उलाढाल, तीही एका फ्रेममध्ये. आणि एवढं करून मेश बदलतच नाही, कारण तुम्ही कॉप्यांवर लिहिलं.

लूपच्या आधी एकदाच ॲरे एका व्हेरिएबलमध्ये घ्या, त्यावर सगळे बदल करा, लूप संपल्यावर "मेश.व्हर्टिसेस" मध्ये परत ठेवा. दर फ्रेमला करायचं असेल तर "गेटव्हर्टिसेस" ला आपली जुनीच लिस्ट द्या, नवीन मेमरी लागत नाही. गोडोमध्ये "लाइन२डी" चे "पॉइंट्स" व्हेरिएबलमध्ये घेतल्यावर तीही कॉपीच असते. बदलून परत ठेवावी लागते.

एका ढोलाचा रंग बदलला आणि सगळ्यांचे बदलले. रेफरन्स कुठून शिरला?

असेटमधून, म्हणजे प्रोजेक्टमधल्या सामायिक फाइलींतून. या जागा सगळ्यांत जास्त फसवतात, म्हणून सविस्तर.

युनिटीत मटेरियल हा रेफरन्स आहे. "रेंडरर.शेअर्डमटेरियल" चा रंग बदलला तर ते मटेरियल लावलेले सगळे ढोल बदलतात, आणि एडिटरमध्ये असाल तर प्रोजेक्टमधली मटेरियलची फाइलच बदलते. "रेंडरर.मटेरियल" वाचलं की युनिटी त्या ढोलापुरती वेगळी कॉपी बनवते. रंग एकट्याचा बदलतो, पण २०० ढोलांना हात लावला की २०० मटेरियल तयार होतात, आणि ती नष्ट करण्याची जबाबदारी तुमची असते. "ऑनडिस्ट्रॉय" मध्ये त्यांना "डिस्ट्रॉय" करायला विसरू नका.

स्क्रिप्टेबलऑब्जेक्टची गंमत आणखी वेगळी. "ढोलमाहिती" नावाच्या असेटमध्ये कमाल दम १०० ठेवला, आणि वाजवताना कोडने त्यातूनच दम वजा केला, तर सगळ्या वादकांचा दम एका टाकीतून कमी होतो. वर प्ले थांबवल्यावरही एडिटरमध्ये ती घटलेली संख्या तशीच राहते. त्यामुळे "काल चालत होतं, आज सुरू होतानाच वादक दमलेले" असं होतं. बिल्ड केलेल्या गेममध्ये मात्र पुढच्या वेळी मूळ आकडा परत येतो, म्हणून बग दोन ठिकाणी दोन तऱ्हेने दिसतो. असेटमध्ये न बदलणारे आकडे ठेवा. चालू दम प्रत्येक वादकाच्या स्वतःच्या फील्डमध्ये.

गोडोचे रिसोर्सही तसेच. एकच फाइल कितीही वेळा "लोड" केली तरी इंजिन तीच वस्तू परत देतं. एकट्यासाठी वेगळी हवी असेल तर "ड्युप्लिकेट()" करा, किंवा इन्स्पेक्टरमध्ये "मेक युनिक" निवडा, किंवा सीनच्या प्रत्येक प्रतीसाठी वेगळी हवी असेल तर "लोकल टू सीन" वर टिक करा. तिसरा पर्याय कोलिजन शेपचा आकार चालू गेममध्ये बदलणाऱ्यांना फार उपयोगी आहे.

लुआत क्लास बनवला, पण सगळ्या वादकांची पिशवी एकच होते.

"वादक.पिशवी = {}" हे क्लासच्या टेबलावर लिहिलं आहे, म्हणजे टेबल एकदाच बनलं. प्रत्येक वादकाकडे स्वतःची पिशवी नसल्यामुळे शोध मेटाटेबलच्या (न सापडलेली गोष्ट पुढे कुठे शोधायची ते सांगणाऱ्या टेबलाच्या) "इंडेक्स" मधून क्लासपर्यंत जातो आणि सगळ्यांना तीच पिशवी मिळते. दम (नंबर) क्लासवर ठेवला तरी चालून जातं, कारण "सेल्फ.दम = ८०" लिहिताच तो त्या वादकावर नवीन लिहिला जातो. पिशवीत मात्र आपण वस्तू टाकतो, पिशवी नवीन ठेवत नाही. म्हणून "न्यू" फंक्शनच्या आत "सेल्फ.पिशवी = {}" लिहा. पायथनमध्येही क्लासच्या अंगात लिहिलेल्या लिस्टचं नेमकं हेच होतं.

पायथनमध्ये सापशिडीचा पट बनवला. एक घर रंगवलं की अख्खा उभा पट्टा रंगतो.

पट "[[०]*१०]*१०" असा बनवला असणार. आतली ओळ एकदाच बनली आणि बाहेरच्या गुणाकाराने तिचा पत्ता दहा वेळा लिहिला. दहा चिठ्ठ्या, वाडा एक. "[[०]*१० फॉर _ इन रेंज(१०)]" लिहा, म्हणजे ओळ दहा वेळा नव्याने बनेल. आतलं "[०]*१०" तसंच राहू द्या. शून्य बदलता येत नसल्यामुळे तिथे धोका नाही.

याच जातीची दुसरी चूक: "डेफ नवावादक(ठेके=[])". ही कोरी यादी फंक्शन वाचताना एकदाच बनते आणि पुढच्या प्रत्येक कॉलला तीच मिळते. "ठेके=नन" ठेवून आत नवीन यादी बनवा. पायगेममध्ये "रेक्ट" हाही रेफरन्स आहे, सुरुवातीची जागा जपायची असेल तर "रेक्ट.कॉपी()" घ्या, कारण "मूव्ह_आयपी" मूळ रेक्टच हलवतं.

उथळ कॉपी आणि खोल कॉपी म्हणजे काय?

मानाच्या पाच गणपतींची यादी घ्या: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. हा क्रम ठरलेला आहे आणि मिरवणूक याच क्रमाने निघते. स्कोअरच्या पडद्यावर नावं अकारविल्हे दाखवायची म्हणून कोणी "दाखवायची = मान" लिहून "दाखवायची.सॉर्ट()" केलं, तर यादी एकच असल्यामुळे मिरवणुकीचा क्रमही बदलतो आणि केसरीवाडा दुसऱ्या जागी जाऊन बसतो. पुण्यात असा गेम कोणी खेळणार नाही.

इथे उथळ कॉपी पुरते: नवीन यादी, आत तीच नावं. लिस्टसाठी सी शार्पमध्ये "न्यू लिस्ट(मान)", जीडीस्क्रिप्टमध्ये "मान.ड्युप्लिकेट()", रोब्लॉक्सच्या लुआत "टेबल.क्लोन", पायथनमध्ये "मान.कॉपी()", जावास्क्रिप्टमध्ये "[...मान]".

पण यादीत नावांऐवजी प्रत्येक मंडळाची डिक्शनरी असेल (नाव, रथ, वादकसंख्या), तर उथळ कॉपीत यादी दोन आणि डिक्शनऱ्या त्याच. एकीकडे वादकसंख्या बदलली की दुसरीकडेही बदलते. तिथे खोल कॉपी लागते: पायथनमध्ये "कॉपी.डीपकॉपी", जावास्क्रिप्टमध्ये "स्ट्रक्चर्डक्लोन", जीडीस्क्रिप्टमध्ये "ड्युप्लिकेट(ट्रू)". शेवटचं आतल्या ॲरे-डिक्शनरीपर्यंत जातं, आत ठेवलेल्या रिसोर्स किंवा नोडची कॉपी करत नाही. मूळ लुआत तयार फंक्शनच नाही. स्वतःला बोलावणारं फंक्शन लिहा आणि आधी पाहिलेल्या टेबलांची नोंद ठेवा, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवणारी दोन टेबलं आली की फंक्शन थांबणारच नाही.

"अनडू" दाबलं तरी मागची चाल येत नाही.

इतिहासाच्या यादीत तुम्ही दर चालीला पटाचा पत्ता टाकत आहात, पट नाही. वीस चालींनंतर यादीत वीस वेळा आत्ताचाच पट आहे. पट टाकताना खोल कॉपी करा, आणि परत आणतानाही कॉपी करूनच आणा. नाहीतर पुढची चाल इतिहासातलीच नोंद बिघडवते. ही दुसरी कॉपी बहुतेक जण विसरतात.

फंक्शनला ऑब्जेक्ट दिला, आत नवीन केला, पण बाहेर जुनाच राहिला. रेफरन्स टाइप आहे ना?

आहे, पण फंक्शनला मिळाली ती चिठ्ठीची प्रत. त्या चिठ्ठीवर नवा पत्ता लिहिला तर तुमच्या खिशातली चिठ्ठी बदलत नाही. आत "पथक.नाव" बदललं तर बाहेर दिसेल; "पथक = न्यू पथक()" केलं तर दिसणार नाही. बाहेरची चिठ्ठीच बदलायची असेल तर सी शार्पमध्ये "रेफ" लावा, तोही दोन्हीकडे: फंक्शन लिहिताना आणि बोलावताना. जीडीस्क्रिप्ट, लुआ, पायथनमध्ये ही सोय नाही. नवीन वस्तू "रिटर्न" करा.

मोठा स्ट्रक्ट फक्त वाचायला द्यायचा असेल तर सी शार्पमध्ये "इन" वापरतात. तो स्ट्रक्ट "रीडओन्ली" नसेल तर त्याच्या मेथड बोलावताना कंपायलर गुपचूप कॉपी काढू शकतो, आणि वाचवायला निघालेला खर्च परत येतो.

रोब्लॉक्समध्ये रिमोटइव्हेंटने (सर्व्हर आणि क्लायंटमधला निरोप) टेबल पाठवलं तर पलीकडे कॉपी पोचते, मेटाटेबल गळून पडतं. सर्व्हरवर ते टेबल नंतर बदललं तरी क्लायंटला कळणार नाही.

दोन गोष्टी सारख्या आहेत का, हे कसं तपासायचं?

सी शार्पमध्ये क्लाससाठी "==" मुळात पत्ते जुळतात का एवढंच पाहतो. लुआत टेबलांचं, जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्टचंही तसंच: "{} === {}" खोटं. पायथनच्या लिस्टमध्ये "==" मजकूर पाहतो, "इज" पत्ता. गोडो ४ मध्ये ॲरे-डिक्शनरीचा "==" मजकूर पाहतो आणि पत्त्यासाठी "इज_सेम()" आहे.

सी शार्पमध्ये तुम्ही लिहिलेल्या स्ट्रक्टला "==" आपोआप मिळत नाही. तो डिक्शनरीची किल्ली म्हणून वापरणार असाल तर "आयइक्वेटेबल" आणि "गेटहॅशकोड" लिहाच, नाहीतर प्रत्येक शोधाला बॉक्सिंग (व्हॅल्यू एका नव्या वस्तूत गुंडाळणं) होतं. युनिटीच्या व्हेक्टर३ चा "==" थोडा फरक माफ करतो; तंतोतंत हवं असेल तर "इक्वल्स".

स्ट्रिंग कशात धरायची?

सी शार्पमध्ये रेफरन्स. पण ती बदलता येत नसल्यामुळे वापरताना व्हॅल्यूसारखीच वागते. खर्च मात्र रेफरन्सचा: दर फ्रेमला "गुण: " ला आकडा जोडला की दर फ्रेमला नवीन स्ट्रिंग आणि कचरा. आकडा बदलेल तेव्हाच मजकूर बनवा.

वादकासाठी स्ट्रक्ट घ्यावा की क्लास?

आधी हिशोब पाहू. वादकाची जागा १२ बाइट, वेग १२ बाइट, दम ४ बाइट: एकूण २८. स्ट्रक्टच्या ॲरेत २०० वादक म्हणजे ५,६०० बाइट, सलग एका ओळीत. क्लास केला तर ६४-बिट यंत्रावर प्रत्येकाला १६ बाइटचं डोकं, एकूण ४४, ते ८ च्या पटीत ४८ होतात, शिवाय ॲरेत प्रत्येकाचा ८ बाइटचा पत्ता: ५६ × २०० = ११,२००. बरोबर दुप्पट, आणि वस्तू मेमरीत विखुरलेल्या असू शकतात. प्रोसेसर मेमरी सहसा ६४ बाइटच्या तुकड्यांत उचलतो. सलग ओळीत एका उचलीत दोन वादक येतात, विखुरलेल्यात प्रत्येकासाठी वेगळी धाव घ्यावी लागते. २०० वादकांना हे जाणवणार नाही. लक्ष्मी रस्त्यावर २०,००० माणसांची गर्दी दाखवायची असेल तर नक्की जाणवेल.

दुसरी बाजू कचऱ्याची. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद. "अपडेट" मध्ये दर फ्रेमला क्लासच्या वस्तू बनवून टाकून दिल्या की गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी मोकळी करणारा भाग) केव्हातरी झाडू मारायला येतो आणि तेवढ्यात फ्रेम चुकते. स्ट्रक्टची लोकल कॉपी असा कचरा करत नाही. पण स्ट्रक्ट "ऑब्जेक्ट" किंवा इंटरफेस टाइपच्या व्हेरिएबलमध्ये ठेवला की त्याचं बॉक्सिंग होतं. चार बाइटचा इंट बॉक्स झाला की ६४-बिटवर २४ बाइटची वस्तू बनते.

आमचा सल्ला असा: लहान, संख्येसारखी, बदलण्यापेक्षा नवीन बनवावी अशी गोष्ट (जागा, रंग, एका ठोक्याचं नुकसान) स्ट्रक्ट. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनातली मर्यादा १६ बाइटच्या आतली आहे; गेममध्ये ॲरेत ठेवायच्या डेटासाठी ती ओलांडायला हरकत नाही. जिला ओळख आहे, जिच्याकडे अनेक जण पाहतात (पथकप्रमुख, खेळाडू, दुकान), ती क्लास. शंका असेल तर क्लास घ्या आणि प्रोफायलरने (वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) सांगितल्यावरच बदला. उगाच स्ट्रक्ट केल्याने होणारे "हललं नाही" प्रकारचे बग वाचलेल्या मिलिसेकंदांपेक्षा महाग पडतात.

व्हॅल्यू टाइप स्टॅकवर, रेफरन्स टाइप हीपवर, हे खरं ना?

अर्धंच. (स्टॅक म्हणजे फंक्शन चालू असेपर्यंतची मेमरी, हीप म्हणजे वस्तूंची टिकणारी मेमरी.) क्लासच्या आत फील्ड म्हणून ठेवलेला व्हेक्टर३ त्या क्लासच्या वस्तूबरोबर हीपवरच असतो. ॲरेतले स्ट्रक्टही हीपवर. जागेवरून टाइप ओळखू नका. कॉपी होते की नाही त्यावरून ओळखा.

अनरियलच्या ब्लूप्रिंटमध्ये (नोड जोडून करायचं स्क्रिप्टिंग) हे लागू होतं का?

होतं. स्ट्रक्ट कॉपी होतात, ॲक्टर आणि इतर ऑब्जेक्ट पत्त्याने जातात. ॲरेतून घटक काढणारा "गेट" नोड दोन रूपांत मिळतो, कॉपी देणारा आणि रेफरन्स देणारा. नोडवर तसं लिहिलेलं असतं. "फॉर ईच लूप" मधून येणारा स्ट्रक्ट कॉपी असतो, तो बदलून "सेट ॲरे एलेम" ने परत ठेवावा लागतो. मॅपमधल्या "फाइंड" चंही तसंच. बदलल्यावर त्याच किल्लीवर "ॲड" करा.

वस्तू नष्ट केली तरी व्हेरिएबल रिकामं का होत नाही?

वाडा पाडला म्हणून चिठ्ठीवरचा पत्ता पुसला जात नाही. युनिटीत "डिस्ट्रॉय" नंतर "== नल" खरं येतं, कारण युनिटीने तो "==" मुद्दाम बदलला आहे. "?." आणि "??" हा बदल ओळखत नाहीत, त्यामुळे युनिटीच्या वस्तूंवर ते वापरू नका. गोडोमध्ये "क्यू_फ्री" केलेल्या नोडसाठी "इज_इन्स्टन्स_व्हॅलिड()" तपासा. रिफकाउंटेड (किती जण धरून आहेत ते मोजून मोकळ्या होणाऱ्या) वस्तू एकमेकींना धरून बसल्या तर दोन्ही कधीच मोकळ्या होत नाहीत. एका बाजूला "वीकरेफ" (मोजणीत न धरला जाणारा पत्ता) ठेवा.

बग याच प्रकारचा आहे हे लवकर कसं ओळखायचं?

"सगळे एकदम बदलतात" असं असेल तर दोन वस्तूंची ओळख छापून पाहा: युनिटीत "गेटइन्स्टन्सआयडी()", गोडोत "गेट_इन्स्टन्स_आयडी()", पायथनमध्ये "आयडी()", लुआत "प्रिंट(टेबल)" पत्ता दाखवतो. आकडा एकच आला तर वस्तू एकच आहे. मग ती कुठे बनली ते शोधा. बहुतेक वेळा "न्यू" किंवा "{}" लूपच्या बाहेर राहिलेलं असतं.

"काहीच बदलत नाही" असं असेल तर बदल केल्याच्या पुढच्याच ओळीत मूळ ठिकाणाहून पुन्हा वाचून छापा, व्हेरिएबलमधून नाही. व्हेरिएबल नवं दाखवतं आणि मूळ जुनं, असं दिसलं की परत ठेवायची ओळ राहिली आहे.